तुकड्यांची शाल : घरच्या कापडातून हाताने शिवलेली भेट

मुलांनो, आपल्याकडे सत्कार म्हटला की शाल आणि श्रीफळ आलंच. नारळ त्याच आठवड्यात खोवून भाजीत जातो, शाल मात्र कपाटात जाते. तिची घडी मोडत नाही, आणि पुढच्या एखाद्या कार्यक्रमाला ती तशीच दुसऱ्या कोणाच्या खांद्यावर जाऊन बसते. यात देणाऱ्याची काही चूक नाही. सत्काराची शाल दिसायला हवी असते, म्हणून तिला चकाकी असते, जरीसारखा काठ असतो. पण ती बऱ्याचदा कृत्रिम धाग्याची असते, मानेला टोचते, खांद्यावरून घसरते. मग पांघरणार कोण?

आणखी एक गोष्ट बघा. शाळेत शाल मिळते कोणाला? प्रमुख पाहुण्यांना, अध्यक्षांना, निवृत्त होणाऱ्या गुरुजींना. रोज आपल्यासाठी खिचडी शिजवणाऱ्या मावशींना, पहाटे फाटक उघडणाऱ्या मामांना, घरी आपल्याला सांभाळणाऱ्या आजीला शाल कोणी दिलेली तुम्ही पाहिली आहे का? आज कार्यानुभवाच्या तासाला आपण जी शाल शिवायला शिकणार आहोत, ती अशा माणसांसाठी आहे. ती विकत आणायची नाही. घरात पडलेल्या कापडाच्या तुकड्यांतून शिवायची. मात्र तुकड्यांची आहे म्हणून कशीही चालेल असं नाही, हं. उलट दुप्पट काळजी घ्यावी लागते. नीट शिवली तर ती भेट होते, नाहीतर समोरच्याला वाटतं, आपल्याला चिंध्या दिल्या.

तुकडे कुठून आणायचे?

सगळ्यात आधी आईला विचारा, ब्लाऊजपीस किती पडलेत? ओटी भरताना, हळदीकुंकवाला, लग्नाच्या आहेरात मिळालेले ब्लाऊजपीस जवळपास प्रत्येक घरात गठ्ठ्याने असतात. रंग जुळत नाही म्हणून ते शिवले जात नाहीत आणि देवाघरचं म्हणून टाकलेही जात नाहीत. आपल्याला हेच हवं आहे. त्यातले सुती बाजूला काढा. दुसरी जागा म्हणजे टेलरकाकांचं दुकान. तिथे कापून उरलेले तुकडे पोत्यात भरलेले असतात. पण ते अरुंद आणि वेडेवाकडे असतात, शिवाय गणवेशाच्या कापडात कृत्रिम धागा मिसळलेला असतो. त्यामुळे तिथून आणताना निवडून आणा. तिसरं, जुने सुती शर्ट. कॉलर आणि कोपर झिजलेले असले तरी पाठीचा भाग बहुधा चांगला असतो.

अस्तरासाठी मात्र जुनी सुती साडीच हवी. पुष्कळ वेळा धुतल्यामुळे तिचं सूत इतकं मऊ झालेलं असतं की नव्या कापडाला तो स्पर्श येत नाही. आपल्या आज्या-पणज्या बाळाची दुपटी जुन्या लुगड्याची करत, ती याच कारणाने. नवं कापड परवडत नव्हतं एवढंच काही त्यामागे नव्हतं. नव्या सुती कापडाला बहुधा खळ असते. ती धुऊन धुऊन जाते, तंतू सैल होतात आणि मग ते कापड कातडीला बोचत नाही. नऊवारी म्हणजे नऊ वार, साधारण सव्वाआठ मीटर. आपल्या मापाच्या शालीला १८२ सेंटीमीटर अस्तर लागतं. म्हणजे एका नऊवारीतून चार अस्तरं निघतात. सहावारीतून दोन आरामात निघतात. तिसरं निघेल की नाही, ते साडी कुठे विरली आहे त्यावर ठरेल.

कापडाची परीक्षा

तुकडे जमले की लगेच कात्री हातात घेऊ नका. सगळं कापड आधी कोमट पाण्यात तासभर भिजवून, धुऊन, वाळवायचं आहे. हे काम कंटाळवाणं आहे आणि बरेच जण नेमकं तेच टाळतात. पण त्याचं कारण समजून घ्या. सूत विणताना आणि खळ देताना धागे ताणलेले असतात. पहिल्यांदा पाणी लागलं की ते आखडतात. जुनं कापड आधीच आखडून झालेलं असतं, नवं झालेलं नसतं. दोन्ही न धुता शेजारी शेजारी शिवले, तर पहिल्या धुण्यातच नवा तुकडा आखडेल, जुना तसाच राहील आणि शाल जागोजागी चुण्या पडून पापडासारखी दिसेल.

दुसरी परीक्षा रंगाची. लाल, गर्द निळा, काळा, गडद हिरवा हे रंग संशयित! ओल्या पांढऱ्या फडक्याने तुकडा जोरात चोळा. फडक्यावर रंग आला तर तो तुकडा शालीत घेऊ नका. मिठाच्या पाण्यात बुडवलं की रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात. कापड रंगवतानाच्या पाण्यात मीठ घालतात हे खरं. त्यामुळे काही रंग सुतात जास्त शिरतात. पण आधीच रंगवून झालेल्या कापडावर जो सैल रंग राहिलाय, तो मिठाने पक्का होत नाही. आजीला हे सांगताना जरा बेतानं सांगा.

तिसरी परीक्षा सगळ्यात महत्त्वाची, आणि ती शिक्षकांनीच करायची. कापडाचे दोन-तीन धागे काढून चिमट्यात धरायचे, खाली पाण्याची वाटी ठेवायची आणि धाग्याला काडी लावायची. सूत कागदासारखं जळतं, वासही जळक्या कागदाचा येतो आणि मागे मऊ करडी राख उरते. लोकर किंवा रेशीम असेल तर जळलेल्या केसांसारखा वास येतो. पॉलिस्टर मात्र वितळतं, आकसतं आणि थंड झाल्यावर त्याचा कडक मणी होतो. हा मणी मुलांना आवर्जून दाखवा. कारण आपली शाल ज्या मावशींना जाणार आहे, त्यांचा अर्धा दिवस चुलीपुढे किंवा गॅसच्या शेगडीपुढे जातो. सुतालाही आग लागते, पण वितळलेलं पॉलिस्टर कातडीला चिकटतं आणि भाजणं जास्त खोल होतं. म्हणून आपल्या शालीत पॉलिस्टर नाही म्हणजे नाही, तुकडा कितीही सुंदर असो. आणि शाल सुती असली तरी ती पांघरून विस्तवाजवळ काम करायचं नाही, हेही देताना सांगायचं.

माप आणि माया

आता गणित. तयार शाल आपल्याला १८० सेंटीमीटर लांब आणि ७५ सेंटीमीटर रुंद हवी आहे. चौकोन १५ सेंटीमीटरचा धरला तर लांबीत १२ आणि रुंदीत ५, म्हणजे एकूण ६० चौकोन. तर मग १५ सेंटीमीटरचे ६० चौकोन कापायचे का? वर्गात हा प्रश्न विचारून थोडं थांबा. बहुतेक मुलं ‘हो’ म्हणतील.

शिवणकामात कापडाच्या कडेला टीप घालण्यासाठी जे जास्तीचं कापड सोडतात, त्याला शिंपी ‘माया’ म्हणतात. (हा शब्द मला फार आवडतो. बाहेरून दिसत नाही, पण ती नसेल तर सगळं उसवतं.) आपण प्रत्येक बाजूला १ सेंटीमीटर माया ठेवणार. म्हणजे चौकोन १७ सेंटीमीटरचा कापायचा. माया न धरता १५ चाच कापला तर शिवल्यावर तो १३ उरेल, आणि १२ चौकोनांची लांबी १८० ऐवजी १५६ भरेल. चक्क २४ सेंटीमीटरची शाल गायब! फळ्यावर शंभर गणितं सोडवून जे डोक्यात बसत नाही, ते असं कापड तोकडं पडलं की पक्कं बसतं. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षण द्यायचा विचार मांडला, तो पुढे ‘नई तालीम’ म्हणून ओळखला गेला. त्यांच्या मनातला उद्योग मुख्यतः सूतकताई होता, पण मुद्दा हाच होता.

मोठ्या वर्गांसाठी आणखी एक हिशोब. १७ चा वर्ग २८९, १५ चा वर्ग २२५. म्हणजे प्रत्येक चौकोनातलं ६४ चौरस सेंटीमीटर कापड मायेत जातं, जवळजवळ २२ टक्के. चौकोन लहान घेतले तर हे प्रमाण वाढेल की घटेल? मुलांनाच काढू द्या. आणि ८० सेंटीमीटर लांब, ९० सेंटीमीटर पन्ह्याच्या ब्लाऊजपीसमधून १७ चे किती चौकोन निघतील? एका बाजूने ४, दुसऱ्या बाजूने ५, म्हणजे २०. क्षेत्रफळ भागून काढलं तर २४ येतात आणि प्रत्यक्षात २० च निघतात. का, ते कागदावर काढून बघायला सांगा.

कापण्यासाठी पुठ्ठ्याचा १७ सेंटीमीटरचा चौकोनी साचा करा. खुणा करायला झिजलेल्या साबणाची कड वापरा. रेघ स्पष्ट उमटते आणि धुतल्यावर निघून जाते. पेनने मात्र खुणा करू नका. साचा नेहमी कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्याला समांतर ठेवायचा. तिरपा म्हणजे उरेब कापलेला तुकडा शिवताना ताणला जातो आणि चौकोनाचा पतंग होतो. धागा सरळ कुठे आहे हे कळत नसेल तर काठाला कात्रीने लहानशी चीर द्या आणि फाडा. साधं सुती कापड धाग्याच्या रेषेतच टर्रकन फाटतं. मुलांना हे काम सांगावं लागत नाही, थांबवावं लागतं.

मांडणी

साठ चौकोन चटईवर मांडा. इथे वर्गात भांडणं होणार, होऊ द्या. माझं मत एवढंच की रंगांपेक्षा गडद आणि फिकट यांच्याकडे लक्ष द्यावं. एक गडद, एक फिकट असं आलटून-पालटून ठेवलं की कुठलेही रंग एकमेकांशी जुळवून घेतात. डोळ्यांना अंदाज येत नसेल तर मोबाईलवर कृष्णधवल फोटो काढून पाहा. गडद-फिकट लगेच कळतं. मांडणी ठरली की प्रत्येक ओळ दोऱ्यात ओवून तिला कागदी चिठ्ठीवर क्रमांक द्या. नाहीतर मधल्या सुट्टीत वारा सुटला की सगळं पहिल्यापासून.

टीप घालताना

आधी पाच-पाच चौकोन जोडून बारा आडव्या ओळी करायच्या, मग त्या ओळी एकमेकींना जोडायच्या. दोन चौकोन सुलट बाजू आत ठेवून, कडा जुळवून, टाचण्या लावायच्या आणि कडेपासून १ सेंटीमीटरवर धावदोरा घालायचा. टाका तांदळाच्या दाण्याहून मोठा नको. दर पाच-सहा टाक्यांनंतर एक उलटा टाका घ्या, म्हणजे एखाद्या जागी दोरा तुटला तरी सगळी ओळ उसवत जात नाही. दोरा बोटांपासून कोपरापर्यंतच घ्यायचा. काम लवकर व्हावं म्हणून मुलं हातभर लांब दोरा ओवतात, आणि मग निम्मा वेळ गुंता सोडवण्यात जातो.

ओळ झाली की इस्त्री. मायेचं कापड पहिल्या ओळीत डावीकडे दाबा, दुसरीत उजवीकडे, तिसरीत पुन्हा डावीकडे. मग ओळी जोडताना चारही चौकोनांचे कोपरे एकमेकांत बसतात आणि एकाच ठिकाणी कापडाचा जाड गड्डा होत नाही.

एकूण टीप किती होते? चौकोनांचे जोड ४८, प्रत्येकी १७ सेंटीमीटर, म्हणजे ८१६. ओळींचे जोड ११, प्रत्येकी ७७ सेंटीमीटर, म्हणजे ८४७. आणि चारी बाजूंची कड ५१०. बेरीज २,१७३ सेंटीमीटर, जवळजवळ पावणेबावीस मीटर. ऐकायला भयंकर वाटतं, पण दहा मुलांत वाटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला सव्वादोन मीटरहून कमीच येतं. एका तासिकेत सराव नसलेलं मूल अर्धा-पाऊण मीटर टीप घालतं. म्हणजे चार-पाच तासिकांचं काम. घरी पायाचं मशीन असेल तर लांब जोड त्यावर मारायला हरकत नाही.

गोधडी नव्हे, शाल

वरचा थर तयार झाला. आता अस्तर. इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. जुन्या कापडाचे थर एकावर एक ठेवून धावदोऱ्याने शिवायची रीत आपल्याकडे जुनी आहे. कुठे त्याला गोधडी म्हणतात, कुठे वाकळ. बंगालमध्ये जुन्या साड्या-धोतरांपासून तशीच कांथा करतात. गोधडीला टाक्यांच्या ओळी जवळजवळ घालतात, त्यामुळे थर एकमेकांना घट्ट धरून राहतात. ती मजबूत होते, पण जरा ताठही होते. अंथरायला, झोपताना पांघरायला हे चांगलंच. शालीचं तसं नाही. शाल खांद्यावरून खाली पडली पाहिजे, फळीसारखी उभी राहता कामा नये. थर एकमेकांवर थोडे सरकले तरच कापड अंगाप्रमाणे वळतं. म्हणून शालीला मध्ये दाट टाके घालायचे नाहीत, आणि दोन थरांच्या मध्ये तिसरा थरही भरायचा नाही. थंडी जास्त असेल तिथे अस्तरालाच जुनी फ्लॅनेलची चादर लावावी.

अस्तर १८२ बाय ७७ सेंटीमीटरचं कापा. वरचा थर आणि अस्तर सुलट बाजू आत करून एकमेकांवर ठेवा, चारी बाजूंनी टीप घाला, मात्र एका बाजूला वीतभर जागा उघडी सोडा. चारही कोपऱ्यांवरचं जादा कापड टिपेपासून थोडं दूर तिरपं कापा. मग त्या उघड्या जागेतून हात घालून उशीचा अभ्रा उलटतो तशी शाल उलटायची. कोपरे बाहेर काढायला बोथट पेन्सिल वापरा. कात्रीचं टोक घातलंत तर कापडातून आरपार जाईल. उघडी जागा हेम टाक्याने बंद करा आणि इस्त्री फिरवा.

आता अस्तर आत फुगू नये म्हणून गाठी. चौकोनांचे आतले कोपरे ४४. एक सोडून एक असं धरलं तर २२ गाठी होतात. भरतकामाचा जाड दोरा घ्या, सुई अस्तराच्या बाजूने वर काढा, शेजारूनच परत खाली घ्या, दोन घट्ट गाठी मारा आणि टोकं बोटाच्या पेराएवढी ठेवून कापा. हे अस्तराच्या बाजूलाच राहिलं पाहिजे, वर दिसता कामा नये.

तुकडे अरुंदच असतील तर चौकोनांचा हट्ट सोडा. सात-आठ सेंटीमीटर रुंदीच्या पट्ट्या कापा, टोकाला टोक जोडून लांब करा आणि आडव्या लावा. टेलरकाकांकडच्या तुकड्यांना हीच पद्धत बरी पडते, आणि दिसतेही झकास.

कोणासाठी, त्याप्रमाणे बदल

शाल कोणाला द्यायची हे ठरल्यावर काही गोष्टी बदलाव्या लागतात. आजी-आजोबांसाठी लांबी १८० ऐवजी १५० ठेवा, म्हणजे दहाच ओळी. लांब टोक पायात येऊन म्हातारं माणूस पडू शकतं. सॅटिनसारखं गुळगुळीत कापडही नको, ते खांद्यावर ठरत नाही. एखाद्या ताईच्या बाळासाठी शिवत असाल तर माप ७५ बाय ७५, म्हणजे पंचवीस चौकोन. त्यात टिकल्या, बटणं, मणी काही नको, दशा तर मुळीच नकोत. तान्ह्या बाळाच्या बोटाला सुटा दोरा गुंडाळला गेला तर रक्त अडतं, आणि बाळाला सांगता येत नाही. म्हणून बाळाच्या दुपट्याला गाठीही नकोत. त्याऐवजी जोडांवरून धावदोऱ्याच्या काही ओळी घाला, टोकं आत घ्या. मामांसाठी शिवताना मुलं हटकून गडद रंग निवडतात. एकदा त्यांनाच विचारा, “मामा, तुम्हाला कुठला रंग आवडतो?” उत्तर गुलाबीही येऊ शकतं.

देताना भाषण नको, मंचही नको. दोन्ही हातांनी द्यायची, पांघरून द्यायची आणि “मावशी, ही आम्ही शिवलीय” एवढं म्हणायचं. शिवणाऱ्यांची नावं आणि साल सुती फितीवर धाग्याने भरून अस्तराच्या एका कोपऱ्यात लावा. पहिल्या दोन-तीन वेळा शाल वेगळी, थंड पाण्यात धुवायची आणि सावलीत वाळवायची, हे तोंडी सांगून विसरलं जातं, म्हणून चिठ्ठीवर लिहून द्या. शिवताना दोन-तीन चौकोन जास्तीचे कापलेले असतातच. ते टाकू नका. रोज वापरली जाणारी शाल कुठेतरी विरणार, खिळ्याला अडकणार. ते चौकोन आणि त्याच दोऱ्याचं थोडं भेंडोळं एका पाकिटात घालून शालीसोबत द्या, आणि पाकिटावर लिहा : ‘ठिगळासाठी’.